सूत्रसंचालक नेमका कुणाचा माणूस? सीमाभागातल्या कार्यक्रमांबद्दल

शहापूरकर

आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमाची बातमी पेपरात आली की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. सूत्रसंचालन अमुक यांनी केले, तर आभार तमुक यांनी मानले. तीन तास माइकजवळ उभं राहून त्या माणसाने काय करायचं असतं, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले आपण लोक कधी नीट बोलत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. सूत्रसंचालक हा समोर बसलेल्यांचा माणूस. व्यासपीठावरच्यांनी त्याला बोलावलेलं असतं, नारळ-शालही तेच देतात, पण ऐकायला आलेल्या माणसाचा वेळ सांभाळणारं त्या सभागृहात दुसरं कुणीही नसतं. अध्यक्षांना आपल्या भाषणाची काळजी, कार्यकर्त्यांना पाहुण्यांच्या चहाची, फोटोग्राफरला फोटोची.

सत्काराचंच बघा. व्यासपीठावर 15 जण. नाव पुकारायचं, सत्कार करणाऱ्याचं नाव पुकारायचं, दोघांनी उठायचं, शाल, हार, श्रीफळ, मग फोटोसाठी थांबायचं. दीड मिनिट धरलं तरी 22 मिनिटं गेली. त्याआधी ईशस्तवन, स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक. ज्याचं व्याख्यान ऐकायला लोक आले तो वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका स्वयंपाकासाठी उठलेल्या असतात. नंतर आपणच म्हणतो, मराठी कार्यक्रमांना गर्दी होत नाही.

हे माइकवर उभं राहिल्यावर सुधारता येत नाही. आदल्या दिवशी मंडळाच्या बैठकीत बसूनच ठरवून घ्यावं लागतं. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती यांचा स्वतंत्र सत्कार, बाकीच्यांचं जागेवर गुलाब देऊन स्वागत. कोण किती मिनिटं बोलणार, कुणाला लवकर जायचंय, कुणाचं नाव राहिलं तर रुसवा होईल, सगळं त्या बैठकीत कळतं. ज्याला फक्त संध्याकाळी कागद हातात देऊन उभं केलं जातं त्याला मी दोष देत नाही.

दुसरं म्हणजे भाषा. कचेरीत, बसच्या पाटीवर, सरकारी कागदावर आपल्याला मराठी शोधावी लागते. चारशे-पाचशे माणसं एकत्र बसून दोन-तीन तास चांगली मराठी ऐकतात अशा जागा म्हणजे ग्रामीण साहित्य संमेलनं, गणेशोत्सवाचे मांडव, व्याख्यानमाला, कीर्तनं. तिथं माइकवरचा माणूस मोबाईलमधून हिंदी शेर वाचून दाखवत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या ओळी घरोघरी पाठ असलेल्या गावात तो शेर कुणासाठी?

तुमचे अनुभव लिहा. चांगले लिहा, वाईटही लिहा. वाईट लिहिताना नावं नकोत.

कडोली रोड

चांगला विषय. आमच्या भागातल्या संमेलनांबद्दल लिहितो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमानी, तिकडे कारदगा. थंडीत एकामागून एक चालू होतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, मग व्याख्यान किंवा परिसंवाद, दुपारी कथाकथन, शेवटी कविसंमेलन. साधारण सगळीकडे हाच क्रम.

यात सगळ्यात अवघड जागा जेवणानंतरची. संमेलनाचं जेवण गावच्या मायेचं असतं, लोक पोटभर जेवतात आणि मग मांडवात ऊन येतं. त्या वेळी सूत्रसंचालकाने कथाकथनकाराचे चार पुरस्कार आणि सात पुस्तकं वाचून दाखवली की मांडव अर्धा रिकामा होतो. आमच्या गावच्या एका गुरुजींची पद्धत वेगळी होती. ते परिचय दोन वाक्यांत आटपायचे. 'यांच्या कथेतला म्हातारा आपल्या वेशीवर बसलेला तुम्ही बघितलाय. तो आता काय म्हणतोय ते ऐका.' बास. लोक खुर्च्या पुढे ओढायचे.

कविसंमेलनाला तर सूत्रसंचालकच सगळं असतो. वीस कवी आणि प्रत्येकाला एकच कविता असं ठरलेलं असूनही तिसऱ्या कवीपासून 'आणखी एक छोटीशी' सुरू होतं. दोन कवितांच्या मध्ये त्याने स्वतःची चारोळी म्हणायची नसते, हे मला नवीन मुलांना हात जोडून सांगावंसं वाटतं. रडवणारी कविता झाली की लगेच टाळ्यांची मागणी करू नका. लोकांना दोन श्वास घेऊ द्या, मग पुढचं नाव घ्या.

लाल माती

सगळे सभागृहाचंच बोलताय म्हणून कुस्तीच्या मैदानाचं लिहितो. आमच्याकडे सूत्रसंचालक म्हणत नाहीत, निवेदक म्हणतात. येळ्ळूरचं महाराष्ट्र मैदान असो नाहीतर आनंदवाडीचा आखाडा, निवेदकाशिवाय मैदान उभंच राहत नाही.

त्याचं काम आखाडा पूजनाच्या आधीपासून सुरू होतं. जोड कुणाशी कुणाची, पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, वडील पैलवान होते का, मागच्या वर्षी कुठल्या मैदानात काय निकाल लागला, हे सगळं तोंडपाठ पाहिजे. कागद बघून बोलणारा निवेदक मैदानात टिकत नाही, कारण कुस्ती तुमच्या कागदाकडे बघायला वेळ देत नाही.

आता बारकावा सांगतो. सलामी झाली, हाताला हात लागला, खडाखडी चालू आहे, म्हणजे दोघं उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेतायत. ही निवेदकाची बोलायची वेळ. पैलवानाच्या घरची परिस्थिती, त्याची मेहनत, इनाम कुणी लावलंय, सगळं इथं येतं. पण एकदा का एकानं दुहेरी पट काढला किंवा कुणी कब्जा घेऊन घिस्सा लावायला लागला की चांगला निवेदक फक्त डावाचं नाव घेतो. 'घिस्सा... घिस्सा...' एवढंच. बाकीचं हलगी बोलते. आणि पाठ टेकली की सगळ्यात आधी हरलेल्या पैलवानाला शाबासकी देतो, मग जिंकलेल्याचं नाव. हे मी कोल्हापूर भागातून येणाऱ्या जुन्या निवेदकांकडून ऐकत आलोय. हरलेला पोरगा ताठ मानेनं मैदान सोडतो, तो त्या एका वाक्यामुळे.

आणि माणसं आवरणं. निकाली कुस्तीला पुढची रांग उभी राहिली की मागचा सगळा डोंगर उभा राहतो, ढकलाढकली सुरू होते. अशा वेळी पोलिसाच्या शिट्टीपेक्षा निवेदकाचा आवाज कामाला येतो. तो ओरडत नाही. एखाद्या म्हाताऱ्या वस्तादांचं नाव घेतो, 'मामा मागं बसल्यात, त्यांना दिसंना झालंय.' लोक खाली बसतात.

भाषेचं म्हणाल तर दावणगिरी, धारवाडचे पैलवान येतात, हरियाणाचे येतात. निवेदक त्यांचं नाव-गाव त्यांच्या भाषेत घेतो, बाकी मैदान मराठीत चालतं. कधी कुणाला खटकलं नाही.

शाळा मास्तर

वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी निपाणी भागात सरकारी मराठी शाळेत आहे. आमच्या स्नेहसंमेलनाला बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) साहेब येतात, सीआरपी (केंद्राचे साधन व्यक्ती) येतात, एसडीएमसीचे (शाळा समितीचे) अध्यक्ष असतात. साहेब बऱ्याचदा धारवाड किंवा विजयपूरकडचे. त्यांना मराठी कळत नाही. मी सूत्रसंचालन मराठीतच करतो, पण त्यांच्या स्वागताची दोन वाक्यं आणि मुलं काय सादर करणार आहेत ते एका वाक्यात कन्नडमध्ये सांगतो. साहेब मग शेवटपर्यंत बसतात. एकदा एका अधिकाऱ्यांनी मुलांचं पोवाड्याचं सादरीकरण बघून दुसऱ्या दिवशी शाळेच्या छपराची फाईल स्वतः विचारून घेतली.

प्रतिभा कारंजी या शालेय कलास्पर्धेत आमची मुलं जातात तेव्हा तिथलं निरूपण (कन्नडमध्ये सूत्रसंचालनाला हाच शब्द) पूर्ण कन्नडमध्ये असतं. मुलाला आपलं नाव कधी पुकारलं तेच समजत नाही. तिथं कुणी एक वाक्य मराठीत बोललं की त्या पोराच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो ते मी बघितलंय. आपल्याला जे तिथं मिळावंसं वाटतं ते आपण आपल्या मांडवात द्यावं, असं माझं मत.

सीमावासी

मास्तर, तुमच्या शाळेपुरतं मान्य. सरकारी शाळा आहे, साहेब आहेत, मुलांचा प्रश्न आहे. पण हा नियम सगळ्या व्यासपीठांना लावू नका.

ज्या गावात शंभरातली नव्वद घरं मराठी, तिथं सरकारी योजनेचं उद्घाटन होतं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीचा एक शब्द निघत नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना पेन्शनचा अर्ज कुठं द्यायचा तेही कळत नाही. तिथला सूत्रसंचालक ऐकणाऱ्यांचा माणूस का होत नाही? शहापूरकरांचं तत्त्व दोन्हीकडे लागू झालं पाहिजे.

आपलं व्यासपीठ हे आपल्याला फुकट मिळालेलं नाही. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो एका मांडवातच झाला, माइकसमोरच झाला. 1956 नंतर आपण इकडे, आजच्या कर्नाटकात, राहिलो. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध माणसं गेली, हिंडलग्याला दरवर्षी 1 जूनला आपण त्यांना अभिवादन करतो. त्या अभिवादनाच्या ठिकाणी किंवा 17 जानेवारीला, 1956 च्या हुतात्म्यांच्या दिवशी, माइकवरच्या माणसाने कोणती भाषा बोलावी हा प्रश्नच येऊ नये. तिथं सूत्रसंचालकाने नावं कमी घ्यावीत, आवाज खाली ठेवावा आणि घोषणा कार्यकर्त्यांवर सोडाव्यात. हुतात्म्यांच्या नातेवाईकांना आधी जागा द्यावी. हेही त्याचंच काम.

शहापूरकर

सीमावासी, तुमचं पटलं. अभिवादनाचा कार्यक्रम आणि शाळेचं स्नेहसंमेलन एका मापात बसत नाही. मी असं म्हणेन की समोर कोण बसलंय ते बघून भाषा ठरावी. समोर सगळे मराठी असतील तर व्यासपीठावरच्या एका पाहुण्यासाठी कार्यक्रम कन्नडमध्ये वळवणं चूक. आणि त्या पाहुण्याला तीन तास मुक्यासारखं बसवणंही चूक. मास्तरांची दोन वाक्यं मला पुरेशी वाटतात.

सरकारी कार्यक्रमांबद्दलची तुमची तक्रार खरी आहे. ती लेखी स्वरूपात, त्या त्या पंचायतीत, गावकऱ्यांच्या सह्यांनिशी गेली पाहिजे. पेन्शनचा अर्ज कुठं द्यायचा हे आयोजकांना आणि त्यांच्या निरूपकाला दोन भाषांत सांगायला लावणं ही माणुसकीची मागणी आहे.

अनगोळची लेक

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे सूत्रसंचालनाला बाई हवी असते. आवाज गोड पाहिजे, साडी पाहिजे. व्यासपीठावर बारा पुरुष आणि माइकजवळ एक मुलगी. तिला कार्यक्रम ठरवण्याच्या बैठकीत कुणी बोलावत नाही. शहापूरकर म्हणतात आदल्या दिवशी बसून ठरवा, पण आम्हाला त्या खोलीत खुर्चीच नसते. मग सत्कारांची यादी तिच्या हातात येते आणि लांबल्याचा राग तिच्यावर निघतो.

दुसरं, खेळ पैठणीचा. 2004 पासून आदेश बांदेकरांचा 'होम मिनिस्टर' घराघरात गेला आणि त्यानंतर गल्लीगल्लीत गणपतीला, नवरात्रात, हळदीकुंकवाला हा खेळ आला. चांगलं झालं. सूनबाई, सासूबाई, भाडेकरीण सगळ्या एका मांडवात हसतात. वर्षभर घरात राबणारी बाई माइकवर आपलं पूर्ण नाव सांगते, लोक टाळ्या वाजवतात. हे लहान नाही.

पण खेळ घेणारा माणूस कसा आहे यावर सगळं असतं. काहीजण जाड बाईला मुद्दाम फुगडीला उभं करतात, वयस्कर बाईला नवऱ्याबद्दल नको ते विचारतात आणि गर्दी हसली की आणखी पुढे जातात. ती बाई पुढच्या वर्षी येत नाही.

आमच्या गल्लीत एकदा एक निवेदक आले होते. उखाण्याची फेरी होती. रांगेत एक काकू होत्या, त्यांचे मिस्टर वारलेले, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. दोन बायका कुजबुजायला लागल्या की यांना कशाला घेतलं. काकू मागे सरकत होत्या. त्या निवेदकांनी ते बघितलं असावं. काही न विचारता त्यांनी नियम जाहीर केला, 'उखाण्यात आवडत्या कुणाचंही नाव घ्यायचं. लेक, नात, आई, मैत्रीण, चालेल.' पहिल्या तिघींनी नवऱ्याचंच घेतलं. काकूंनी नातीचं घेतलं, आणि खणखणीत घेतलं. त्यांना कुणी वेगळं काढलं नाही, त्यांच्यासाठी नियम बदललाय असंही वाटू दिलं नाही. माझ्या मते सूत्रसंचालन म्हणजे हे. आवाज, शब्दसंपत्ती सगळं त्याच्या नंतर.

कडोली रोड

ताई, तुमचा बैठकीतल्या खुर्चीचा मुद्दा मी आमच्या संमेलनाच्या समितीत मांडतो. यंदापासून सूत्रसंचालन करणारी व्यक्ती, बाई असो वा पुरुष, दोन्ही बैठकांना हजर राहील असं लिहूनच घेऊ.

माइकवाला

मी साउंड सिस्टिम लावतो. मांडवात सगळ्यात आधी मी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो, त्यामुळे सूत्रसंचालक भरपूर बघितलेत. दोन-तीन कामाच्या गोष्टी.

माइक तोंडापासून चार बोटं लांब. फार जवळ धरला की 'प', 'फ' फुटतात, लांब धरला की आम्ही आवाज वाढवतो आणि माइक शिट्टी मारतो. माइक हातात घेऊन बॉक्ससमोर जायचं नाही. टकटक करून, फुंकून बघायचं नाही. लहान मुलं गाणार असतील तर स्टँड कुणी खाली करायचा ते आधी ठरवा, नाहीतर अर्धं गाणं मुलाच्या डोक्यावरून जातं.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ठिकठिकाणी स्वागताची स्टेज असतात. रात्रभर एकेक गावचा, गल्लीचा चित्ररथ येतो. पोरांनी महिना-दीड महिना घाम गाळून प्रसंग बसवलेला असतो, संवाद रेकॉर्ड केलेले असतात. अफजलखानाचा प्रसंग ऐन रंगात आलेला असतो आणि स्टेजवरचा माणूस त्याच वेळी देणगीदारांची नावं वाचत असतो. दोन आवाज एकमेकांत घुसतात, कुणालाच काही कळत नाही. चित्ररथ समोर उभा आहे तोवर स्टेजचा माइक बंद ठेवावा. गावाचं आणि मंडळाचं नाव आधी घ्यावं, प्रसंग संपल्यावर शाबासकी द्यावी. पोरांना तेवढंच पाहिजे असतं.

वेळेचं पण बघा. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. सणांसाठी वर्षात मोजक्या दिवशी, जास्तीत जास्त 15 दिवस, सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. बाकीच्या दिवशी 10 नंतर पोलीस आले की मशीन आमची उचलतात. सूत्रसंचालकाने साडेनऊला घड्याळ बघितलं तर आमचं पोट वाचतं.

नवखा

सगळ्यांचं वाचलं. मी खानापूर तालुक्यातला, कॉलेजात आहे. गावच्या मंडळाने गणपतीत व्याख्यानाचं सूत्रसंचालन माझ्याकडे दिलंय. दोन शंका. पहिली, मोठी माणसं भाषण लांबवतात तेव्हा काय करायचं? मी वयाने लहान, कसं थांबवू? दुसरी, पाहुण्यांत काही कन्नड आडनावं आहेत, ती चुकीची घेतली तर त्यांना वाईट वाटेल.

गुरुजी, टिळकवाडी

बाळा, पहिल्या शंकेचं सांगतो. चिठ्ठी पाठवायची, पण ती अध्यक्षांच्या हाती द्यायची, वक्त्याच्या नव्हे. अध्यक्षांनी पाठवली की मान राहतो. त्याहून बरं म्हणजे बोलायला बोलावतानाच सगळ्यांसमोर वेळ सांगून टाकायची. 'आदरणीय काका आपल्याला दहा मिनिटं मार्गदर्शन करतील.' लोकांनी आकडा ऐकलेला असतो, काकांनीही ऐकलेला असतो. दहा मिनिटं झाली की तू तुझ्या जागेवर नुसता उभा राहा. बोलू नकोस, हातवारे करू नकोस. बहुतेक जण समजतात.

एक जुनी गोष्ट तुला माहीत असावी. ज्यांनी 1880 साली मराठी संगीत नाटक उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्या नाटकांत सूत्रधार आणि नटी आधी येत, आज काय बघायचं आहे ते सांगत आणि बाजूला होत. कन्नड बयलाटातला, म्हणजे उघड्यावरच्या लोकनाट्यातला, भागवत मात्र शेवटपर्यंत रंगावर असतो, गातो, पात्राला तू कोण म्हणून विचारतो. आपल्या मातीत दोन्ही पद्धती आहेत. व्याख्यानाला सूत्रधारासारखं बाजूला हो. मुलांच्या कार्यक्रमाला भागवतासारखा सोबत राहा.

शाळा मास्तर

दुसरी शंका सोपी आहे. कन्नड आडनावं इंग्रजी पत्रिकेवरून वाचायला जाऊ नकोस, तिथंच घोळ होतो. ड आणि द, ट आणि त, ळ आणि ल इंग्रजीत एकच दिसतात. बडिगेर, हिरेमठ, कम्मार, अंगडी, होसमनी ही नेहमीची आडनावं, पण घरागणिक उच्चारात फरक असतो. त्यांना फोन कर, 'सर, तुमचं नाव माइकवर घ्यायचंय, एकदा म्हणून दाखवा' असं सांग. ते म्हणतील तसं देवनागरीत मोठ्या अक्षरात लिही आणि घरी पाच-सहा वेळा मोठ्याने म्हण. मराठी पाहुण्यांनाही हाच फोन कर. गावाकडे एकाच आडनावाची चार पोटनावं असतात.

नवखा

धन्यवाद गुरुजी, मास्तर. आज रात्रीच फोन करतो. व्याख्यान साडेसातला ठेवलंय. सत्कार तीनच ठेवा असं अध्यक्षांना विचारून बघितलं, ते म्हणाले पाच तरी करूया. पाचावर ठरलं.

माइकवाला

पाच चालतील. कुठलं गाव? जवळपास असेल तर मी येऊन माइक लावून देतो, संध्याकाळी सहाला ये, स्टँड आणि आवाज बघून घेऊ.